पेशंटबरोबर कोण आहे?

अध्यक्षमहाराज, गुरुजींच्या घरची मंडळी आणि या सभागृहात जमलेल्या माझ्या जुन्या पेशंटांनो,

हे शेवटचं संबोधन मी थट्टेनं करत नाही. पहिल्या तीन रांगांतच मला टाके घातलेले चार जण दिसताहेत. तेव्हा व्याख्याता म्हणून बोलावलं असलं तरी आज मी निम्मा आरोपीही आहे, हे आधीच सांगून टाकतो.

ज्यांच्या निमित्तानं आज आपण जमलो आहोत त्या गुरुजींची नि माझी पहिली भेट अपघात विभागाच्या दारात झाली. घाटात एस.टी. उलटली होती. गुरुजी त्याच गाडीत होते, पण त्यांना खरचटण्यापलीकडे काही झालं नव्हतं. आम्ही जखमींना आत घेत होतो आणि आमचा वॉर्डबॉय प्रत्येक स्ट्रेचरमागे एकच प्रश्न ओरडून विचारत होता, "पेशंटबरोबर कोण आहे?" कोणीच नव्हतं. मग गुरुजी पुढे झाले आणि म्हणाले, "मी आहे." सहा-सात जणांच्या संमतिपत्रांवर त्यांनी सह्या केल्या. 'रुग्णाशी नाते' या रकान्यात प्रत्येक वेळी फळ्यावर लिहावं तशा स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'सहप्रवासी'.

त्या सह्यांना कायद्याच्या दृष्टीनं काहीही अर्थ नव्हता. मला ते तेव्हा ठाऊक नव्हतं, गुरुजींनाही नसावं. पण त्या सह्या झाल्या म्हणून आमचे हात मोकळे झाले, हे खरं. आणि हे खरं असणं हीच गडबड आहे. अर्थ नसलेल्या सहीवाचून आमचे हात बांधलेले का होते?

माझं आजचं म्हणणं थोडक्यात असं आहे. बेशुद्ध माणसाचा जीव वाचवताना सहीसाठी थांबू नका, असं कायदा सांगतो, आणि तिथे आपण थांबतो. शुद्धीवरच्या माणसाला विचारल्याशिवाय हात लावू नका, असंही कायदाच सांगतो, आणि तिथे आपण त्याला सोडून बाहेर बाकावर बसलेल्या माणसाला विचारतो. दोन्हीकडे आपला नेम चुकतो, आणि दोन्हीकडे चुकवणारा कागद एकच असतो.

पहिल्या गोष्टीपासून सुरुवात करतो. भारतीय दंड संहितेचं कलम ९२ हे वैद्यकीच्या विद्यार्थ्यांना न्यायवैद्यकाच्या पेपरापुरतं पाठ असतं. आता दंड संहिता गेली, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली आणि त्याच मजकुराचं कलम ३० झालं. मजकूर असा, की एखाद्याच्या भल्यासाठी, सद्भावनेनं, त्याच्या संमतीवाचून केलेलं कृत्य गुन्हा ठरत नाही. मात्र तो संमती देण्याच्या स्थितीत नसला पाहिजे आणि ज्याच्याकडून वेळेत संमती घेता येईल असा पालक किंवा कायदेशीर ताबा असलेला माणूसही नसला पाहिजे. या कलमाला जी उदाहरणं जोडलेली आहेत ती मला फार आवडतात. घोड्यावरून पडून बेशुद्ध झालेला माणूस आणि त्याच्या कवटीला भोक पाडावं लागेल हे ओळखणारा शल्यचिकित्सक, हे पहिलं. वाघानं माणूस उचलून नेला आहे, गोळी झाडली तर वाघाऐवजी माणसालाही लागू शकते, तरी झाडली, हे दुसरं. अपघातात सापडलेलं मूल 'नको, नको' म्हणत असताना, पालकांना गाठायला वेळ नसल्यानं केलेली शस्त्रक्रिया, हे तिसरं. आणि पेटलेल्या घराच्या छपरावरून खाली ताणून धरलेल्या घोंगडीत मूल टाकणारा माणूस, हे चौथं. १८६० सालची ही उदाहरणं नव्या संहितेतही जशीच्या तशी आली आहेत. घोड्याच्या जागी मोटारसायकल घालावी, हेसुद्धा कोणाला सुचलं नाही. वाघ मात्र आमच्या चंद्रपूरकडच्या मंडळींसाठी ठेवला, ते बरंच झालं.

या कलमातला सगळ्यात महत्त्वाचा शब्द 'वेळेत' हा आहे. जवळचं माणूस समोर उभं असेल तर त्याला विचारावं, समजवावं, त्याचं ऐकावं. पण ते माणूस नसेल, किंवा असूनही 'गावाकडून थोरल्या भावाला येऊ द्या' म्हणत असेल आणि इकडे मेंदूत रक्त साचत असेल, तर विचारणं संपलं. भूल देऊन कवटी उघडायची. दोन डॉक्टरांनी केसपेपरवर वेळ घालून लिहायचं, की रुग्ण बेशुद्ध, सोबत कोणी नाही, जीव वाचवण्यासाठी शस्त्रक्रिया करत आहोत. एवढं पुरतं. याच कलमाखाली एक छोटं स्पष्टीकरणही आहे, की निव्वळ पैशाचा फायदा हा इथे फायदा समजला जाणार नाही. हे वाक्य बिलिंग काउंटरवर मोठ्या अक्षरात लावावं, असं मला फार वेळा वाटलेलं आहे.

आता कोणी म्हणेल, कायद्यात असेल हो, पण पोलिसांची भानगड, एमएलसी म्हणजे मेडिकोलीगल केसची नोंद, कोर्टाच्या तारखा यांचं काय? हीच भीती एका स्कूटरस्वाराच्या जिवावर बेतली. मोटारीनं धडक दिली, कोणा भल्या माणसानं जवळच्या रुग्णालयात नेलं, तिथे सांगण्यात आलं की मेडिकोलीगल केस आम्ही घेत नाही, वीस किलोमीटरवरच्या दुसऱ्या रुग्णालयात न्या. माणूस वाटेत गेला. ती बातमी वाचून पंडित परमानंद कटारा यांनी सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला आणि २८ ऑगस्ट १९८९ रोजी निकाल लागला. डॉक्टर सरकारी असो की खासगी, जीव वाचवणं हे त्याचं पहिलं काम, आणि कोणत्याही कायद्याची कोणतीही प्रक्रिया त्याच्या आड येऊ शकत नाही. घटनेच्या एकविसाव्या कलमातल्या जगण्याच्या हक्काशी न्यायालयानं ते थेट जोडलं. डॉक्टरांना साक्षीसाठी उगाच खेटे घालायला लावू नका, हेही त्याच निकालात पोलिसांना आणि न्यायालयांना बजावलेलं आहे. आमचे बांधव तेवढा भाग विसरतात.

तीन वर्षांनी, ८ जुलै १९९२ला, बंगालात मथुरापूर स्टेशनवर एक शेतमजूर गाडीतून पडला. डोक्याला मार. प्राथमिक आरोग्य केंद्रात सोय नाही म्हणून पुढे पाठवलं, आणि मग कलकत्त्यात एकामागून एक सरकारी रुग्णालयानं 'बेड नाही' म्हणून परत पाठवलं. शेवटी खासगी रुग्णालयात सुमारे १७ हजार रुपये मोजून तो वाचला. पश्चिम बंग खेत मजदूर समिती त्याच्या बाजूनं सर्वोच्च न्यायालयात गेली. १९९६ साली न्यायालयानं २५ हजार रुपये भरपाई देवविली आणि सरकारला सांगितलं, की पैसे नाहीत या सबबीवर ही जबाबदारी टाळता येणार नाही. मला या प्रकरणातली रक्कम आठवत राहते. सरकारी दवाखान्यांनी मिळून जे नाकारलं त्याची किंमत पंचवीस हजार.

आपल्याकडची स्थिती कागदावर पाहिली तर वाईट नाही. रस्त्यावरच्या जखमीला औपचारिकतेसाठी न थांबता उपचार द्यावेत, हे मोटार वाहन कायद्याच्या १३४व्या कलमात आहे. जखमीला आणणाऱ्याला नाव सांगायची सक्ती करू नये, पोलिसांनी त्याला छळू नये, ही संरक्षणाची तरतूद २०१९च्या दुरुस्तीत आली. १०८ क्रमांकाच्या गाड्या महाराष्ट्रात २०१४पासून धावताहेत. रस्ते अपघातातल्या जखमीला सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार रोकड न भरता मिळावेत, अशी केंद्राची योजना २०२५च्या मे महिन्यात अधिसूचित झाली. धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धनांसाठी आणि दहा टक्के दुर्बलांसाठी ठेवाव्या लागतात, आणि तातडीच्या रुग्णाला आधी दाखल करून स्थिर करावं लागतं. रुग्ण हक्कांची सनद दर्शनी भागात लावा, असं २०२१च्या शुश्रूषागृहांच्या नियमांत आहे. ती सनद मी पुष्कळ ठिकाणी पाहिली आहे. बहुतेक ठिकाणी तिच्यासमोर पाण्याचा कूलर असतो.

दाखल करण्याआधी मागितल्या जाणाऱ्या अनामत रकमेचा प्रश्न मी आज फार ताणत नाही. २०२५च्या एप्रिलमध्ये पुण्यात त्यावरून जो गदारोळ झाला तो तुम्हा सर्वांना आठवतो आहे आणि त्यावर बोलणारे माझ्याहून चांगले वक्ते आहेत. फक्त एका कागदाकडे लक्ष वेधतो. आमच्या भाषेत त्याला 'डामा' म्हणतात. वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध रुग्णाला घेऊन जात आहोत, असं लिहून दिलेला कागद. 'आम्ही आमच्या मर्जीने, स्वखुशीने पेशंट हलवत आहोत. पुढे काही झाल्यास डॉक्टर जबाबदार नाहीत.' माझ्या हातून असे शेकडो कागद गेले असतील. त्यातल्या किती घरांची 'खुशी' ही रोजचं बिल ऐकल्यावर उत्पन्न झालेली होती, ते मला ठाऊक आहे. कानातलं विकून आलेली बाई 'स्वखुशीने' लिहून देते आणि आम्ही तो कागद फाइलला लावून टाकतो. सहीचा इतका धडधडीत खोटा उपयोग दुसरीकडे कुठे होत असेल, असं मला वाटत नाही.

आता दुसरी बाजू, आणि मला जास्त वेळ तिथेच घालवायचा आहे. माणूस शुद्धीवर आहे, बोलतो आहे. तेव्हा काय?

समीरा कोहली खटला हा आपल्याकडचा या विषयातला मुख्य निकाल, १६ जानेवारी २००८चा. चव्वेचाळीस वर्षांची अविवाहित बाई. मासिक पाळीच्या तक्रारीसाठी दुर्बिणीतून तपासणी करायची, एवढीच संमती तिनं दिलेली. भूल दिल्यावर आतली स्थिती पाहून सहायक डॉक्टर बाहेर आल्या आणि बाकावर बसलेल्या वृद्ध आईची सही घेतली. मुलीची गर्भपिशवी, अंडाशय, नळ्या, सगळं काढलं. जाग आली तेव्हा झालेलं होतं. सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की इथे जिवावर बेतणारी तातडी नव्हती. मुलगी सज्ञान होती, भूल उतरेपर्यंत थांबता आलं असतं. तपासणीची संमती ही शस्त्रक्रियेची संमती होत नाही, आणि आईची सही ही मुलीची सही होत नाही. डॉक्टरांना शस्त्रक्रियेची फी मिळाली नाही, वर २५ हजार भरपाई द्यावी लागली. गंमत अशी, की शस्त्रक्रिया वैद्यकीयदृष्ट्या चुकीची होती असं न्यायालयानं म्हटलेलं नाही. वैद्यक बरोबर असेलही, पण ती बाई स्वतःच्या देहाची मालक होती, आणि तिला कोणी विचारलं नाही.

आमच्या पिढीच्या शल्यचिकित्सकांना हा निकाल फार झोंबला. 'पोट उघडल्यावर समोर दिसतंय, पुन्हा भूल कशाला?' असा आमचा सवाल. व्यवहारी सवाल आहे, नाकारत नाही. त्याचं उत्तर शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी द्यायचं असतं. आत असं असं दिसलं तर काय करू, हे पेशंटला विचारून ठेवायचं. अर्धा तास जातो. तो अर्धा तास आमच्याकडे नसतो, असं आम्ही म्हणतो.

परदेशातलं एकच उदाहरण देतो, कारण ते पचायला जड आहे. कॅनडाच्या ऑंटारिओ प्रांतात १९७९ साली अपघात झालेली एक बाई बेशुद्ध अवस्थेत रुग्णालयात आली. तिच्या पर्समध्ये सही केलेलं कार्ड सापडलं: मी अमुक पंथाची आहे, कोणत्याही स्थितीत मला रक्त देऊ नये. डॉक्टरांनी ते वाचलं आणि तरी रक्त दिलं. बाई वाचली. खटला झाला, अपिलाचा निकाल १९९०ला लागला आणि डॉक्टरला वीस हजार डॉलर भरावे लागले. जीव वाचवला म्हणून दंड! मी हा किस्सा आमच्या डॉक्टरांच्या मेळाव्यात सांगितला तेव्हा एक ज्येष्ठ सहकारी उठून निघून गेले. मला स्वतःला विचाराल, तर मीही रक्त दिलं असतं आणि दंड भरला असता. पण न्यायालय चुकलं, असं मला म्हणता येत नाही. तातडीचा नियम जो बोलू शकत नाही त्याच्यासाठी आहे. ती बाई पर्समधून बोलत होती.

आपल्याकडे रक्त नाकारणारे पंथ फारसे नाहीत. आपल्याकडे नवरा आहे, सासू आहे, मामा आहे, मुकादम आहे. कळा देणारी बाई 'सिझर करा' म्हणते आणि आम्ही दार उघडून बाहेर विचारतो, "करायचं का?" गर्भपाताच्या १९७१च्या कायद्यात सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरते, नवऱ्याच्या सहीचा तिथे उल्लेखही नाही, तरी महाराष्ट्रातल्या किती दवाखान्यांत ती सही मागितली जात नाही, ते इथल्या डॉक्टरांनी मनाशी मोजावं. हे मी दुसऱ्यांविषयी बोलत नाही. आता माझी गोष्ट सांगतो.

मी तेव्हा एका तालुक्याच्या गावी होतो. गाळपाचा हंगाम ऐन भरात. रात्री दहाच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळीतली एक बाई ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून आणली. वय पंचवीसच्या आत-बाहेर. पोट ताठ, ओठ पांढरे, नाडी एकशेतीसवर, रक्तदाब जेमतेम सत्तर. पाळी चुकलेली. निदानाला दुर्बीण लागत नव्हती; गर्भ नळीत राहिला होता आणि नळी फुटून पोटात रक्त साचत होतं. पोट उघडून ती नळी बांधणं हा एकच उपाय, आणि तोही लगेच. मी तिला सांगितलं. ती पूर्ण शुद्धीवर होती. घामाघूम झाली होती, पण माझ्याकडे बघत होती. म्हणाली, "करा."

एका शब्दाची, पण यापेक्षा स्पष्ट संमती मला चाळीस वर्षांत मिळाली नाही. आणि मी काय केलं? बाहेर आलो आणि विचारलं, "पेशंटबरोबर कोण आहे?" नवरा दुसऱ्या फडावर होता. त्याला आणायला मोटारसायकल पाठवली. भूलतज्ज्ञ तयार, नर्स तयार, मी हात धुऊन उभा. वीस मिनिटं, पंचवीस मिनिटं. रक्तदाब साठ झाला. नवरा आला नाही. शेवटी टोळीच्या मुकादमाची सही घेतली आणि आत गेलो. रक्तपेढी सत्तर किलोमीटरवर. तिच्या पोटातलंच रक्त जाळीतून गाळून तिलाच परत दिलं. बाई वाचली. ते कौशल्य म्हणून मी नंतर किती तरी जणांना सांगितलं. ती पंचवीस मिनिटं सांगितली नाहीत.

चौथ्या दिवशी राउंडला गेलो तेव्हा तिनं विचारलं, "डाक्टर, तवा येळ का लावला?" मी म्हणालो, "तुझा नवरा यायचा होता ना." ती काही वेळ माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "म्या म्हणलं व्हतं की, करा म्हणून."

मी कशाला घाबरलो होतो? कायद्याला नाही, कायदा तर माझ्या बाजूनं होता. ती टेबलावर गेली तर बाहेर कोण उभं असेल आणि काय करेल, याला घाबरलो होतो. ही भीती खोटी नाही. २०१७च्या मार्चमध्ये धुळ्याला निवासी डॉक्टरला जमावानं मारलं आणि राज्यभरचे निवासी डॉक्टर कामावर जाईनात. डॉक्टरांवरच्या हल्ल्यांविरुद्धचा आपला कायदा २०१०चा आहे. हल्ले थांबलेले नाहीत. १९९५ साली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आली तेव्हापासून फायली जाड होत गेल्या, तेही समजण्यासारखं आहे. पण सही दगड अडवत नाही. ज्याला काच फोडायची आहे तो फॉर्म वाचत बसत नाही. आणि न्यायालयात ती सही पहिल्या पाच मिनिटांत गळून पडते, कारण वकील विचारतो, 'पेशंट शुद्धीवर होती ना? मग तिची सही कुठे आहे?'

उलट बाजूनं पाहिलं तर डॉक्टरचं संरक्षण पेशंटच्या बोलण्यातच असतं. केरळात टी. टी. थॉमस विरुद्ध एलिसा असा एक खटला झाला. फुटलेल्या अपेंडिक्सचा रुग्ण शस्त्रक्रियेवाचून गेला. डॉक्टरांचं म्हणणं, रुग्णानं नकार दिला होता. उच्च न्यायालय म्हणालं, नकार दिला असेल तर तो सिद्ध करण्याचा भार तुमच्यावर. नोंद नव्हती. डॉक्टर दोषी ठरले.

ऊसतोडीचा विषय निघालाच आहे तर बीडचं बोललं पाहिजे. टोळीतल्या बायकांच्या गर्भपिशव्या काढल्या जातात, हे २०१९ साली गाजलं आणि विधान परिषदेच्या तेव्हाच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर ऊसतोड बायकांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली आढळली. या शस्त्रक्रिया संमतीशिवाय झाल्या, असं कागद सांगत नाही. संमती आहे, अंगठे आहेत. पण ती संमती कशी मिळाली? 'पिशवीला सूज आहे, पुढे कॅन्सर होईल, आत्ताच काढून टाका.' खाडे पडले की मुकादम पैसे कापतो आणि पाळीचे चार दिवस फडात काढणं हाल असतात, हे तिला ठाऊक. ते डॉक्टरलाही ठाऊक. भीती घालून किंवा चुकीची समजूत करून देऊन मिळवलेली संमती ही संमतीच नव्हे, हे दंड संहितेच्या ९०व्या कलमात दीडशे वर्षांहून अधिक काळ लिहिलेलं होतं. फुटलेल्या नळीच्या बाईला खरी तातडी होती, तिथे मी थांबलो. इथे तातडी नव्हतीच, ती तयार केली गेली. पुढे जिल्हा प्रशासनानं खासगी रुग्णालयांत अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी सक्तीची केली. आकडे त्यानं खाली येत असतील तर चांगलंच. पण बघा, उपाय म्हणून आम्हाला पुन्हा काय सुचलं? आणखी एका माणसाची सही.

मग करायचं काय? मी धोरण लिहिणारा माणूस नाही. माझ्याकडे दवाखान्यातल्या चार गोष्टी आहेत, तेवढ्या सांगतो. संमतिपत्र मराठीत हवं, आणि गोंडी-पावरी-भिली बोलणाऱ्या भागात ते त्या भाषेत वाचून दाखवणारं माणूस हवं. ते दाखल करतानाच कोऱ्यावर सही घेऊन ठेवायचं बंद झालं पाहिजे. पेशंटांनो, कोऱ्या फॉर्मवर सही करू नका, डॉक्टर कितीही ओळखीचा असो, मी असलो तरीही. पेशंटनं बोलून होकार दिला आणि सही करायला हातात त्राण नसेल, तर तो होकार साक्षीदारासमोर, वेळ घालून नोंदवायचा, तो पुरतो. नातेवाइकांना सगळं सांगायचं, पाणी विचारायचं, पण निर्णय विचारायचा नाही, आणि हे त्यांना आधीच समजावायचं. हे शेवटचं सगळ्यात कठीण. आपल्याकडे आजारपण एकट्याचं नसतं, घराचं असतं. म्हातारीला 'सांगू नका हं' अशी खूण करणारा मुलगा तिच्यावर प्रेमच करत असतो. मी अशा खुणा पुष्कळ पाळल्या. त्यातल्या काही म्हाताऱ्यांना सगळं आधीच कळलेलं होतं, आणि मुलाला वाईट वाटू नये म्हणून त्या गप्प राहिल्या होत्या, हे नंतर कळलं.

ज्यांना बोलता येईनासं होईल तेव्हाची सोय आत्ता करून ठेवायची आहे, त्यांच्यासाठी आगाऊ वैद्यकीय निर्देशाचा मार्ग सर्वोच्च न्यायालयानं मार्च २०१८मध्ये मोकळा केला आणि जानेवारी २०२३मध्ये सोपा केला. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. मात्र लक्षात ठेवा, तो कागद असाध्य अवस्थेसाठी आहे. अपघात विभागात रात्री दोन वाजता तो कोणी शोधत नाही. तिथे खिशातली चिठ्ठी कामाला येते: कोणत्या औषधाची ॲलर्जी, कोणती गोळी चालू, फोन कोणाला करायचा. मधुमेहाच्या आणि रक्त पातळ करण्याच्या गोळ्या घेणाऱ्यांनी तरी ती चिठ्ठी आज घरी गेल्यावर लिहावी. एवढी विनंती.

गुरुजींनी त्या एस.टी.तल्या जखमींसाठी सह्या केल्या त्याचं मला अजूनही अप्रूप आहे. त्यातला एक नंतर शुद्धीवर आला तेव्हा गुरुजी त्याच्या खाटेपाशी बसून होते. त्यांनी त्याला सांगितलं, "तुझ्या वतीनं मी सही केली रे, तुला विचारायला जमलं नाही." इतकं सांगायला कोणत्याही फॉर्मनं सांगितलेलं नव्हतं.

माझ्या त्या बाईचा केसपेपर निवृत्तीच्या वेळी मी जुन्या गठ्ठ्यातून शोधून काढला. संमतीच्या रकान्यात तिचा अंगठा नाही, नवऱ्याचाही नाही. निळ्या शाईत मुकादमाची सही आहे, आणि तिच्यापुढे नात्याची जागा कोरी आहे.